साहेब काय म्हणाले?

सभा संपते, टाळ्या होतात, लोक आपापल्या जागी परततात. संध्याकाळी घरी कोणीतरी विचारतं, "आज तुमचे साहेब बोलणार होते ना? काय म्हणाले?" उत्तर येतं, "चांगलं बोलले." माझ्या धंद्यात याला नापास म्हणतात.

मी दुसऱ्यांची भाषणं लिहिते. कंपन्यांचे प्रमुख, संस्थांचे अध्यक्ष, अधूनमधून एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापिका. भाषणं लिहिते म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई सुंदर वाक्यं पुरवते. सुंदर वाक्यांचा तुटवडा कुठेच नाही. माझं काम वेगळं आहे: संध्याकाळच्या त्या प्रश्नाला "चांगलं बोलले" याऐवजी दुसरं काहीतरी उत्तर मिळायला हवं.

त्यासाठी एक हिशेब मनाशी पक्का करा. पहिला माणूस तुम्ही, बोलणारा. दुसरा समोर बसलेला. तिसरा तो, जो सभेला नव्हताच. त्यात रात्रपाळीचा माणूस येतो, रजेवर असलेली बाई येते, दुसऱ्या शहरातल्या कचेरीतले सगळे येतात, पुढच्या वर्षी नोकरीला लागणारेही येतात. नीट पाहिलं तर कुठल्याही संस्थेत बहुतेक लोक कायम तिसरेच असतात. तुमचा विचार त्यांच्यापर्यंत तुमच्या तोंडून जातच नाही. तो दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या शब्दांत, जिन्यात किंवा फोनवर जातो. म्हणून भाषण तयार करताना मी एवढंच बघते की हे दुसऱ्याच्या तोंडात बसेल का. पुढे जे सांगतेय ते सगळं याच एका गोष्टीसाठी.

तुमच्या डोक्यातली चाल त्यांना ऐकू येत नाही

1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन नावाच्या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. काही जणांना सर्वांना माहीत असलेली गाणी दिली आणि त्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायला सांगितला. समोरच्याने गाणं ओळखायचं. एकूण 120 गाणी वाजवली गेली, ओळखली गेली फक्त 3. गंमत पुढे आहे. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं होतं, किती ओळखली जातील? त्यांचा अंदाज होता, निम्मी.

वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, पेटी-तबला सगळं चालू असतं. समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. प्रमुख मंडळींचं नेमकं हेच होतं. ते त्या योजनेबरोबर महिनोन्‌महिने राहिलेले असतात. "एकात्मिक कार्यपद्धती" हे दोन शब्द उच्चारले की त्यांच्या डोळ्यांसमोर झालेले वाद, फसलेला जुना प्रयत्न, पुढच्या वर्षीचं चित्र असं सगळं उभं राहतं. समोर बसलेल्याला ऐकू येते ती टकटक. तो मान डोलावतो, कारण मान डोलावल्याशिवाय सुटका नसते.

यावर उपाय म्हणून मसुदा आपल्या खात्याबाहेरच्या एखाद्याला वाचून दाखवा आणि त्याला परत सांगायला लावा. "कळलं का?" असं विचारू नका. साहेबांनी "कळलं का?" विचारल्यावर "नाही" म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. "आता हे तुम्ही तुमच्या सहकाऱ्याला कसं सांगाल?" असं विचारा आणि गप्प बसा. मध्येच दुरुस्त्या करू नका. तो जिथे अडखळेल तिथे तुमचं भाषण फाटलेलं आहे.

आधी उत्तर लिहा, मग भाषण

बहुतेक जण भाषण सुरुवातीपासून लिहायला घेतात. "आदरणीय व्यासपीठ" इथून. मी शेवटापासून घेते. तिसऱ्या माणसाला मिळणारं उत्तर आधी, एका वाक्यात. ते जमलं नाही तर भाषण पुढे ढकलावं, असा माझा प्रामाणिक सल्ला असतो. तो कोणी ऐकत नाही, कारण हॉलचं बुकिंग झालेलं असतं.

हे वाक्य सापडतं कसं, ते जवळून दाखवते. एका सेवा कंपनीच्या प्रमुखांनी मला मसुदा दिला. पहिल्याच परिच्छेदात होतं: "ग्राहककेंद्रित दृष्टिकोन अंगीकारून सेवेची गुणवत्ता उत्तरोत्तर उंचावण्यास आपण सारे कटिबद्ध आहोत."

मी विचारलं, "साहेब, म्हणजे सोमवारी सकाळी काय बदलेल?"

"लोकांचा दृष्टिकोन बदलायला हवा."

"कोणाचा?"

"सगळ्यांचाच."

असं किती वेळ चाललं असतं कोणास ठाऊक. मग मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला. "या विषयावर तुम्ही शेवटचे कधी चिडलात?"

माणूस सरळ होऊन बसला. एका ग्राहकाची तक्रार एका खात्याकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे फिरत राहिली होती. प्रत्येकाने "हे आमच्याकडे येत नाही" असा शेरा मारून ती पुढे ढकलली, आणि फिरून फिरून ती पहिल्याच टेबलावर आली. तिथल्या माणसाने ती नवीन तक्रार म्हणून पुन्हा नोंदवून घेतली! हे सांगताना साहेबांचा आवाज चढला, चष्मा टेबलावर आला. "अहो, ज्याने फोन उचलला त्याने सोडवा ना! दुसऱ्याला विचारा, तिसऱ्याला विचारा, पण ग्राहकाला कशाला फिरवता?"

मी ते लिहून घेतलं. भाषण तिथेच झालं होतं. पक्कं झालेलं वाक्य असं: "तक्रारीचा फोन ज्याने उचलला, ती तक्रार सुटेपर्यंत त्याची."

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात माणूसच नाही, "आपण सारे" आहेत, म्हणजे कोणीच नाही. दुसऱ्यात एक माणूस आहे, त्याच्या हातात फोन आहे, आणि काम कधी संपलं हेही सांगितलेलं आहे. शिवाय दुसरं वाक्य कोणाला तरी महागात पडणार आहे. फोन उचलणाऱ्याचं काम वाढणार, त्याला इतर खात्यांत जाऊन विचारायचा अधिकार द्यावा लागणार. ज्या विचाराने कोणाचंच काही जात नाही, तो कोणी लक्षात ठेवत नाही, आणि ठेवावा तरी का?

आणखी एक तपासणी मी करते. वाक्य उलटं करून बघते. "गुणवत्तेला प्राधान्य" याच्या उलट काय? "गुणवत्ता गेली खड्ड्यात" असं कोण म्हणेल? कोणीच नाही. म्हणजे मूळ वाक्यानेही काही सांगितलेलं नाही. पण "तक्रार ज्या-त्या खात्याकडे पाठवा" हे उलट वाक्य अगदी शहाण्यासारखं आहे, बऱ्याच ठिकाणी नियम तोच असतो. उलट बाजूलाही एखादा शहाणा माणूस उभा राहू शकत असेल, तरच तुम्ही काहीतरी ठरवलंय.

भाषणाचा माल दूरदृष्टीच्या कागदपत्रांत क्वचितच सापडतो. तो चिडचिडीत असतो, कधी अभिमानात, कधी भीतीत. तुम्ही स्वतःच लिहीत असाल तर स्वतःला हेच विचारा आणि उत्तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. लिहायला बसलात की पुन्हा "कटिबद्ध" होईल.

मोठ्या वाक्यांचीही घडण अशीच असते. 25 मे 1961 रोजी केनेडी अमेरिकी काँग्रेससमोर म्हणाले की हे दशक संपण्याआधी माणसाला चंद्रावर उतरवायचं आणि सुखरूप पृथ्वीवर परत आणायचं. कोण, कुठे, कधीपर्यंत, सगळं आहे. मला त्यातलं "सुखरूप परत" सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्या दोन शब्दांनी निम्मं इंजिनिअरिंग ठरवून टाकलं. नुसतं पोहोचवून भागणार नव्हतं. "अंतराळक्षेत्रात अग्रेसर राहू" असं म्हटलं असतं तर काम पूर्ण झालं की नाही यावर आजही चर्चासत्रं झडली असती. केनेडींची 1963 मध्ये हत्या झाली, माणूस चंद्रावर उतरला जुलै 1969 मध्ये. म्हणजे ते वाक्य शेवटपर्यंत नेलं ते दुसऱ्यांनी आणि तिसऱ्यांनीच.

आणि लोकमान्यांचं वाक्य तर आपल्याला पाठच आहे: स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच. हे वाक्य जो उच्चारतो त्याचं होतं, कारण त्यात "माझा" आणि "मी" आहे. टिळकांबद्दल ते काहीच सांगत नाही. प्रमुखांच्या मसुद्यात "माझ्या नेतृत्वाखाली" दिसलं की मी ते खोडते ते याचसाठी. ते वाक्य कॅन्टीनमध्ये दुसरा कोणी म्हणूच शकत नाही.

वस्तू दाखवा, पण ती मुद्द्याचीच हवी

28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत हवेतच फुटलं. चौकशी आयोगापुढे दिवसचे दिवस तांत्रिक साक्षी चालल्या होत्या. संशय होता तो रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांवर, म्हणजे थंडीत ते रबर घट्ट होतं का यावर. आयोगाचे एक सदस्य होते भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन. 11 फेब्रुवारीला त्यांनी त्या रबराचा तुकडा हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या छोट्या शिकंज्यात आवळला आणि समोरच्या बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला. थोड्या वेळाने बाहेर काढून शिकंजा सैल केला. रबर लगेच पूर्ववत झालं नाही. बस, एवढंच. त्या चौकशीतलं दुसरं काही न आठवणाऱ्यांनाही तो ग्लास आठवतो.

इथे लक्ष द्या. तो ग्लास मुद्द्याचं प्रतीक नव्हता, तो मुद्दाच होता. थंड पाणी म्हणजे त्या सकाळची थंडी आणि रबर म्हणजे तेच रबर. हा फरक सोडला की नाटक सुरू होतं. एका अध्यक्षांना एकीचं प्रतीक म्हणून स्टेजवर दोरखंड आणायचा होता. मी म्हटलं, "सर, लोकांच्या लक्षात दोरखंड राहील, आणि तो कशासाठी होता यावर पैजा लागतील." ते नाराज झाले. पण दोरखंड आला नाही.

मिठाचा सत्याग्रह याच जातीचा. स्वराज्य ही कल्पना मोठी आणि हवेतली. 1930 मध्ये गांधीजींनी निवडलं मीठ, ज्यावर सरकारी कर होता आणि जे गरिबातल्या गरीब घरात रोज लागत होतं. 12 मार्चला साबरमतीहून निघून 6 एप्रिलला दांडीला त्यांनी मीठ उचललं आणि कायदा मोडला. अन्याय आणि पुरावा दोन्ही त्या मुठीत होते. शिवाय जो कोणी समुद्रकाठी राहत होता त्याला दुसऱ्या दिवशी तेच करता येत होतं. सांगता येणारा विचार चांगला, पण करून दाखवता येणारा विचार त्याहून लांब जातो.

तक्रारवाल्या साहेबांसाठी आम्ही काय केलं? काही बनवलं नाही. ती फिरून आलेली फाइलच त्यांनी हातात घेतली आणि त्यावरचे शेरे तारखांसकट, एकामागोमाग एक, काहीही भाष्य न करता वाचले. "संबंधित खात्याकडे वर्ग." "आमच्या कक्षेत येत नाही." "योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे." तिसऱ्या शेऱ्याला हॉलमध्ये हशा पिकला. पुढचे शेरे येत गेले तसतसा तो विरत गेला, कारण कोणाकोणाला आपलीच भाषा ओळखू यायला लागली. खात्यांची नावं मात्र वाचायची नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. एखाद्या खात्याची अब्रू गेली असती तर घरी गेलेलं उत्तर "आज अमक्यांची काढली" एवढंच असतं. त्या शेऱ्यांनंतर ते एक वाक्य आलं, आणि साहेब थांबले. थांबायची तालीम आम्ही सर्वांत जास्त केली होती. वाक्य टाकून लगेच पुढे पळणं ही प्रमुखांची जुनी खोड. पडलेल्या वाक्याला जमिनीला टेकायला दोन-तीन श्वास लागतात.

स्लाइड

स्लाइडबद्दल माझी मतं कडवट आहेत, तेव्हा थोडं जपून घ्या. पण हे उदाहरण खरं आहे. जानेवारी 2003 मध्ये कोलंबिया यान अंतराळात असताना, उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळून त्याच्या पंखाला किती इजा झाली असेल यावर अभियंत्यांनी सादरीकरण केलं. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. खाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, त्यांखाली आणखी उपमुद्दे. अगदी तळाशी, लहान टायपात लिहिलेलं होतं की चाचण्यांत वापरलेला तुकडा 3 घन इंचांचा होता आणि खऱ्या तुकड्याचा अंदाज 1920 घन इंच. म्हणजे 640 पट. ज्या चाचण्यांच्या भरवशावर मथळा उभा होता, त्यांचा या घटनेशी फारसा संबंधच नव्हता. 1 फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची वेगळी दखल घेतली.

एका स्लाइडमुळे अपघात झाला, असं मी म्हणत नाही. पण त्या खोलीतून बाहेर पडणारा माणूस काय घेऊन गेला असेल? मथळा. तळाची ओळ नाही. तुमची स्लाइड उघडा आणि फक्त मथळे एकाखाली एक वाचा. त्यातून तुमचा विचार कळत नसेल, मथळे "पार्श्वभूमी", "आढावा", "पुढील दिशा" असे असतील, तर ती फोल्डरची नावं झाली. सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट सर्वांत मोठ्या टायपात, एवढा एकच नियम मी पाळायला लावते.

आकड्यांचं थोडक्यात सांगते. भाषणात एकच आकडा घ्या आणि तो माणसाच्या मापाचा करा. 2001 मध्ये ॲपलने आयपॉड आणला तेव्हा त्याची क्षमता 5 गिगाबाइट होती, पण लोकांनी एकमेकांना सांगितलं ते "खिशात हजार गाणी". पाच गिगाबाइट म्हणजे किती, हे ज्याला माहीत नाही तोही हे वाक्य पुढे देऊ शकतो. बाकीचे आकडे कागदावर छापून वाटा, ज्यांना हवे ते वाचतील.

कंटाळा तुम्हाला येतो, त्यांना नाही

इथे माझी आणि प्रमुखांची सर्वांत जास्त भांडणं होतात. तिसऱ्या सभेनंतर फोन येतो: "मॅडम, या वेळी काहीतरी नवीन द्या, तेच तेच किती बोलायचं?" मी विचारते, "साहेब, ते तुम्ही किती वेळा ऐकलंय आणि त्यांनी किती वेळा?" तुम्ही तालमीसकट असंख्य वेळा. त्यांनी एकदा, तेही अर्धं लक्ष फोनमध्ये असताना.

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सर्वांत झपाट्याने विसरतं ते सुरुवातीला. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त ओसरतं, मग वेग मंदावतो. मधे अंतर ठेवून पुन्हा उजळणी केली की टिकतं. तो निरर्थक अक्षरं पाठ करत होता हे खरं, पण काही वार्षिक भाषणं ऐकली की मला तो फरक फार मोठा वाटत नाही.

म्हणून पहिल्या काही तासांतच विचार पुन्हा कानावर पडेल अशी सोय करा. सभा संपल्यावर लगेच टीमप्रमुखांनी पाच मिनिटं आपापल्या लोकांशी त्याच वाक्यावर बोलावं. मग आठवड्याने, मग महिन्याने. आणि शब्द तेच. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, समानार्थी शोधावा. निबंधाला ते ठीक. नेत्याने मात्र सोमवारी "जबाबदारी", बुधवारी "उत्तरदायित्व" आणि शुक्रवारी "मालकीची भावना" म्हटलं की लोकांना तीन वेगवेगळ्या योजना सुरू झाल्यासारखं वाटतं. उदाहरणं रोज बदला, वाक्य बदलू नका. अभंगात कडवी पुढे सरकतात आणि धृपद तेच राहतं, तसं.

28 ऑगस्ट 1963 च्या वॉशिंग्टनमधल्या सभेची गोष्ट मी प्रत्येक कंटाळलेल्या साहेबांना सांगते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या लिहून आणलेल्या भाषणात "माझं एक स्वप्न आहे" हा भाग नव्हता. ते स्वप्न त्यांनी आधीच्या भाषणांत सांगितलं होतं, त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटलाही. एका सहकाऱ्याने तर आदल्या रात्री सुचवलं होतं की ते आता गुळगुळीत झालंय, वगळा. (त्या सहकाऱ्याची मला दया येते. त्याच्या जागी मीही कदाचित हेच म्हटलं असतं.) भाषण चालू असताना जवळ बसलेल्या गायिका महेलिया जॅक्सन यांनी हाक दिली, "त्यांना स्वप्नाबद्दल सांगा, मार्टिन!" आणि किंग कागद सोडून जुन्याच ओळींकडे वळले. जगाला त्या भाषणातलं तेवढंच पाठ आहे.

ते भाषण साधारण सतरा मिनिटांचं होतं. "थोडक्यात बोला" हा सल्ला सगळे देतात, मला तो अर्धवट वाटतो. पाच मिनिटांत सात मुद्दे कोंबलेलं भाषण थोडक्यातच असतं, पण त्यातलं काही घरी जात नाही. लांबी मोजण्याआधी विचार मोजा.

गोष्ट सांगा, पण स्वतःची नको

यावर फार लिहीत नाही, कारण "गोष्टी सांगा" हे आता सगळीकडे सांगितलं जातं. दोनच सूचना. गोष्टीतला नायक तुम्ही नसावं. साहेबांनी लहानपणी किती कष्ट केले, हे लोक आदराने ऐकतात आणि हॉलच्या दारात सोडून येतात. नायक असा असावा, ज्याच्या जागी ऐकणारा स्वतःला बसवू शकेल: त्याच्याच हुद्द्याचा, त्याच्याच अडचणीतला. त्या माणसाची आधी परवानगी घ्या. आणि गोष्टीत एक बारकावा ठेवा, पण खराखुरा. ग्राहक फोनवर काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. रचलेला बारकावा सहकाऱ्यांना लगेच ओळखू येतो, आणि मग लोक एकमेकांना सांगतात ते तेवढंच.

लक्षात राहणारं सगळं खरं असतंच असं नाही

यमक आणि ठेका यांची ताकद मोठी. "अति तिथे माती" आपल्याला कोणी पाठ करायला लावलं नव्हतं. पण याच ताकदीची मला भीती वाटते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात दिसलं की यमक जुळणारं विधान लोकांना, त्याच अर्थाच्या बिनयमकी विधानापेक्षा, जास्त खरं वाटतं. म्हणजे तुमची चुकीची कल्पनाही नुसत्या नादावर खपून जाईल आणि वर्षभर निस्तरत बसावं लागेल. माझी पद्धत अशी: वाक्य आधी रुक्ष भाषेत लिहायचं, त्या खात्यातल्या सर्वांत शंकेखोर माणसाला दाखवायचं, त्याच्या आक्षेपांतून ते तगलं तरच त्याला नाद द्यायचा.

आणि वाक्याला साजेशी वागणूक नसेल तर ते तुमच्याविरुद्धच वापरलं जातं. पॉल ओनील 1987 मध्ये अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा गुंतवणूकदारांच्या पहिल्याच बैठकीत नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले, आणि पुढे वर्षानुवर्षं तोच विषय लावून धरला. लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला तो त्या एका भाषणामुळे खचितच नाही. तुम्ही सभेत काय बोललात यापेक्षा तुमच्या साप्ताहिक मीटिंगमधला पहिला प्रश्न कोणता असतो, यावर लोकांचं बारीक लक्ष असतं. तक्रारींवर भाषण आणि मीटिंगमध्ये पहिला प्रश्न विक्रीचा, तर लोकांना खरं काय ते कळतं.

तपासायचं कसं

भाषणानंतर "कसं झालं?" असं विचारू नका. "छान झालं" ऐकायचं असेल तर गोष्ट वेगळी. तीन-चार दिवस जाऊ द्या. मग सभेला नसलेल्या कोणालातरी गाठा आणि सहज विचारा, "परवाच्या सभेत काय ठरलं म्हणे?" हे तुम्ही स्वतः विचारलंत तर तो सावध होईल, म्हणून ते काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवा. मी स्वतः फिरते. मला कोणी ओळखत नाही, हा या धंद्याचा एकमेव फायदा.

उत्तरं साधारण तीन जातींची येतात. "काही नाही, नेहमीचंच" आलं तर वाक्यात काही ठरलेलंच नव्हतं, पुन्हा पहिल्यापासून. एखादा भलताच तपशील आला, विनोद किंवा दोरखंड, तर सजावट मुद्द्याला खाऊन गेली, ती काढा. आणि मुद्दा आला पण वाकडा होऊन आला, तर लगेच खुलासा काढायला धावू नका, आधी तो कुठे वाकला ते बघा. तक्रारीच्या बाबतीत तेच झालं होतं. दुसऱ्या कचेरीत बातमी अशी पोहोचली की "फोन उचलणाऱ्यावर सगळी जबाबदारी टाकलीय, म्हणून फोनच उचलू नका." आम्ही वाक्याचा दुसरा भाग, म्हणजे त्याला कोणत्याही खात्यातून उत्तर मागायचा अधिकार आहे, हा भाषणात पाच मिनिटं नंतर ठेवला होता. तेवढ्या अंतरात तो गळून पडला. पुढच्या सभेपासून दोन्ही भाग एका श्वासात आले: "ज्याने फोन उचलला, तक्रार त्याची, आणि त्याला नाही म्हणायचं कोणी नाही."

काही दिवसांनी कॉल सेंटरमधल्या एका मुलीच्या तोंडून ते मी असं ऐकलं: "उचलला त्याची, अडवायचं नाही." आमच्या वाक्याच्या निम्मं, आणि आमच्यापेक्षा चांगलं. मी साहेबांना तेव्हाच फोन करून सांगितलं की आपलं वाक्य आता सोडा, हे घ्या, आणि पुढच्या सभेत ते कोणाकडून आलं हे तिला विचारून, तिचं नाव घेऊन सांगा.